चमचा क्रमांक ४७ आणि माझी शेवटची तक्रार

मंगळवार, दिनांक १८ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, बेपत्ता सैनिक वस्तू-ओळख कार्यालयाच्या खिडकी क्रमांक तीनवर मला तोंडावर सांगण्यात आले की, डोंगरात सापडलेला चमचा माझा आहे हे पुरेपूर सिद्ध झाले आहे. सबब तो माझ्या भावाचा नाही. आणि सबब, ज्याच्याजवळ तो सापडला तो माणूसही माझा भाऊ ठरत नाही.

या कारणाने मला आज हे मृत्युपत्र लिहावे लागत आहे. एरवी एवढ्यात मरायचा माझा काही विचार नव्हता.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, सदर कार्यालयातूनच चौदा वर्षांपूर्वी निवृत्त झालेली, असे लिहून ठेवते की, माझी बुद्धी जागेवर आहे, स्मरणशक्ती नको इतकी शाबूत आहे आणि हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझ्यावर दबाव टाकू शकेल असा माणूस आता हयात नाही. मनाच्या स्थितीबद्दल डॉक्टरचा दाखला लागतो असे कळल्यावरून मी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना खाली बोलावले. ते म्हणाले, “बाई, मी दातांचा.” मी म्हटले, “मग दातांवरून सांगा.” त्यांनी तोंड उघडायला सांगितले, पाहिले, आणि म्हणाले, “जीभ तर चांगलीच धारदार दिसतेय. डोकंही ठीकच असणार.” त्यांनी तसे लिहून दिले आहे. कागद सोबत जोडला आहे.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, असा सर्वसाधारण समज आहे. हे आजच उघडायचे आहे. एक प्रत खिडकी क्रमांक तीनवर द्यायची, एक माझ्या धाकट्या बहिणीला आणि एक माझ्याजवळ राहील, कारण मला लोकांचा भरवसा नाही.

कलम १. याआधी केलेली माझी तिन्ही मृत्युपत्रे मी रद्दबातल ठरवते. पहिले मी धाकटीवर रागावून केले, दुसरे समेट झाल्यावर, तिसरे समेट मोडल्यावर. यापुढे तिच्याशी भांडण झाले तरी चौथे हेच कायम राहील. तिने याचा गैरफायदा घेऊ नये.

कलम २. स्थावर. आईवडिलांच्या पश्चात माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या मी धाकटीला देते. आतल्या खोलीची खिडकी खांद्याने ढकलल्याशिवाय उघडत नाही. सुताराला बोलावू नये, तो दर वेळी खिडकी नीट करतो आणि दार बिघडवून जातो. स्वयंपाकघरातल्या नळाला हळू पिरगाळावे. खालच्या दारापासून वर येणाऱ्या जिन्याची खालून तिसरी पायरी आहे तशीच ठेवावी. तिच्यावर फरशी बसवू नये, कुंडी ठेवू नये, आणि शेजारचा पंप दुरुस्त करणारा तिथे बसून बिडी ओढतो, त्याला उठवावे. पायरीचे कारण आठव्या कलमात येईल. घाई करून पाने उलटू नयेत. धाकटीला ती सवय आहे.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते माझ्या भाचीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला. आकडा इथे लिहीत नाही, कारण हे धाकटी वाचणार आहे.

कलम ४. माझा प्रेशर कुकर, झाकणावर माझी अक्षरे कोरलेला, गेली बावीस वर्षे धाकटीकडे ‘दोन दिवसांसाठी’ आहे. तो मी तिला या मृत्युपत्राने कायमचा देत आहे. मी हे प्रेमापोटी करते आहे असे तिने समजू नये. माझ्या नावाची वस्तू दुसऱ्याच्या घरात राहणे किती धोक्याचे असते, हे मी एकोणतीस वर्षे पाहिले आहे. उद्या भूकंप झाला आणि धाकटी त्या कुकरसकट सापडली, तर तिच्यावर माझ्या नावाचा दगड लागेल आणि लोक येऊन मला नावे ठेवतील की म्हातारी शेवटपर्यंत स्वयंपाकच करत बसली होती.

हे मी तिला फोनवर सांगितले. ती म्हणाली, “ताई, तुला सरळ ‘ठेव तो कुकर’ म्हणता येत नाही का गं?”

नाही येत.

कलम ५. हत्यारे. माझे भिंग, दोन चिमटे, तीन मऊ ब्रश आणि एनॅमलचा पांढरा ट्रे (एका कोपऱ्याचा टवका उडालेला; तो मी उडवलेला नाही) हे सर्व खिडकी क्रमांक तीनवर बसणाऱ्या अधिकारी बाईंना मिळावे. त्यांना मीच शिकवले. त्या सडपातळ, टोकदार आणि कागद सोडत नाहीत म्हणून मीच त्यांचे नाव ‘टाचणी’ पाडले, आणि पुढे तेच लिहीन. अहोजाहो मला त्यांच्या बाबतीत जमत नाही.

टाचणी, ब्रश पाण्यात घालू नकोस. माती आधी वाळू द्यायची, मग झाडायची. घाईने धुतलेल्या कंगव्यातून दोन केस वाहून गेले होते, ते कोणाचे ते आता कधीच कळणार नाही. बटणे मोजताना तोंडाने मोजायची, मनात नाही. बाहेरचे लोक समजतात की या खोलीत आपण हाडांशी बोलतो. हाडे काही बोलत नाहीत. बोलतात त्या वस्तू: पेनाचे टोपण, चष्म्याची एक काडी, खिशात राहिलेली किल्ली. त्या किल्लीचे कुलूप गावोगाव शोधत मी आणि आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचा कुलुपवाला सात महिने हिंडलो होतो. शेवटी ती एका पेटीला लागली. पेटीत एका बाईने विणायला घेतलेला अर्धा स्वेटर होता. बाई तेव्हा सत्तरीच्या होत्या. किल्ली हातात घेऊन म्हणाल्या, “मेल्यानं किल्ली नेली म्हणून दुसरा विणावा लागला.” आणि मग रडल्या. आधी तक्रार, मग रडणे. मला त्या बाई फार आवडल्या.

कलम ६. नियम. स्थावर-जंगम मालमत्तेशिवाय माझ्या नावावर दोन नियम आहेत. कार्यालयाच्या पुस्तिकेत ते चौथा आणि नववा म्हणून छापलेले आहेत. लिहिणारीचे नाव छापलेले नाही, त्याबद्दल मी तीन अर्ज केले होते.

नियम ४: सापडलेल्या वस्तूंची यादी बाहेरच्या फळ्यावर लावावी, पण वस्तू अंगावर नेमकी कुठे सापडली, हे कधीही जाहीर करू नये. ते आतल्या कागदावर लिहून बंद ठेवावे. कारण फळ्यावर वाचून अंगठीवर हक्क सांगणारे पुष्कळ येतात. अंगठी बोटात होती की गळ्यातल्या दोऱ्यात, हे घरच्या माणसालाच ठाऊक असते.

नियम ९: उसनी आणलेली, चोरलेली, अदलाबदल केलेली किंवा जुगारात जिंकलेली वस्तू मृताची ओळख ठरत नाही.

हा नववा नियम मी एका घड्याळामुळे लिहिला. पाठीवर अक्षरे कोरलेले घड्याळ ज्याच्या मनगटावर होते त्याला आम्ही त्या अक्षरांच्या घरी पाठवले. दोन वर्षांनी अक्षरांचा खरा मालक दुसऱ्याच खंदकात सापडला. घड्याळ तो पत्त्यांत हरला होता. एक घर दोन वर्षे दुसऱ्याच्या मुलासाठी रडत होते आणि दुसरे आपल्या मुलाची वाट पाहत होते. माफी मागायला मी स्वतः दोन्हीकडे गेले. एका घरचे वडील म्हणाले, “बाई, याला आम्ही दोन वर्षं आपला म्हटला. आता परका कसा म्हणायचा, ते तुम्हीच सांगा.” परत येऊन मी नियम लिहिला. दिलेली वस्तू माणूस जपतो. चोरलेली आणि जिंकलेली हातोहात फिरते. नियम चांगला आहे. आजही मी त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलवणार नाही. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे पुढे जे येते त्याला कोणी म्हातारीचा हट्ट म्हणू नये.

कलम ७. अन्यायाचा तपशील. निवृत्त झाल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी बाजारात जाताना वाकडी वाट करून कार्यालयाचा फळा वाचते. माझा थोरला भाऊ, ज्याला मी पुढे दादा म्हणेन, एकोणसाठ वर्षांपूर्वी बाविसाव्या वर्षी लढाईत बेपत्ता झाला. मी त्या कार्यालयात नोकरी धरली तीसुद्धा त्याच्यासाठीच; पण मुलाखतीत ‘देशसेवा’ असे सांगितले होते.

या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी फळ्यावर नवी यादी होती. खिंडीतला रस्ता रुंद करताना तिघे सापडले. दोघांची ओळख पटली. तिसऱ्यापुढे लिहिले होते: अज्ञात क्रमांक ३. अर्धा कंगवा, चार बटणे, पट्ट्याची कडी, बुटांचे अवशेष, पोलादी चमचा एक, दांडा वाकलेला, दांड्यावर ४७ कोरलेले.

हातातली पिशवी मी तिथेच ठेवली. बटाटे घरंगळले, ते शिपायाने गोळा केले.

सत्तेचाळीस हा माझा क्रमांक. मी सिस्टरांच्या वसतिशाळेत शिकले. तिथे ताट, पेला, चमचा, टॉवेल आणि मुलगी या सगळ्यांवर एकच क्रमांक असे. दांडा मी वाकवला होता, दौतीचे बूच उघडताना. दादा मला नावाने हाक मारतच नसे, म्हणायचा, “काय गं सत्तेचाळीस!”

हाडांचा नमुना प्रयोगशाळेने दोनदा तपासला होता आणि दोनदा हात वर केले होते. बर्फाने आणि पाण्याने त्यात काही शिल्लक ठेवले नव्हते. म्हणजे मदार चमच्यावर. मी धावतपळत शाळेत गेले, त्या वर्षीच्या पटावरून क्रमांक ४७ म्हणजे मीच, असा दाखला आणला आणि १८ तारखेला खिडकीवर आपटला. तेव्हाचे संभाषण मी घरी येताच लिहून काढले, ते असे:

“बाई, बसा.”

“बसायला नाही आले. चमचा कुणाचा, ते कळलं का?”

“तुमचाच आहे. दाखला चोख आहे.”

“मग लिही. अज्ञात क्रमांक तीन म्हणजे माझा दादा.”

“नाही लिहिता येत.”

“का? पेन संपलं?”

“नियम नऊ.”

“तो नियम तू मला सांगतेस?”

“तुम्हीच पाठ करून घेतला होतात, बाई. उभं करून. दोनदा.” मग तिने जुनी फाइल पुढे ओढली. “यात तो चमचा चोरलेला म्हणून लिहिलाय. आज यांनी चोरला, उद्या यांच्याकडून दुसऱ्याने. तो कुणाच्या हातात जाऊन पोहोचला, ते कसं सांगू?”

“माझा दादा चोर नव्हता!”

“तुमच्याच अक्षरात आहे, बाई.” तिने आवाज खाली आणला. “आणि त्यांच्याही.”

मी खुर्ची ओढली आणि सांगितल्याप्रमाणे बसले. शिपाई म्हणाला, असे त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच घडले.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवते. अज्ञात क्रमांक तीनचा आतला कागद, ज्यावर कोणती वस्तू कुठे सापडली ते लिहिलेले असते, तो टाचणीच्या टेबलावर माझ्याकडे उलटा असा पडला होता. उलटे कागद वाचण्यात माझा हात धरणारा त्या कार्यालयात कोणी नव्हता. तीन साहेबांच्या बदल्या मी त्यांच्याआधी वाचल्या आहेत. मी डोळे गच्च मिटून घेतले आणि म्हटले, “आधी तो कागद उचल.” शिपायाला वाटले मला भोवळ आली. त्याने पाणी आणले. मी प्यायले, कारण बिचाऱ्याने जिना चढून आणले होते. पण कागद मी वाचलेला नाही. हे वाक्य मी अधोरेखित करते.

कलम ८. कबुली. हे कलम लिहायला मला तेरा दिवस लागले, म्हणून धाकटीने ते दोनदा वाचावे.

फाइलमध्ये दोन कागद आहेत. दादा बेपत्ता झाल्यावर आईने ओळखीची खूण म्हणून ते शाळेतून मागून आणून जोडले. पहिला कागद माझी तक्रार. थोरल्या सिस्टरांनी आम्हाला तक्रार लिहायला शिकवले होते: पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ, विशेषणे कमी, आणि शेवटी किती तारखेपर्यंत लेखी उत्तर हवे ते. मी तेरा वर्षांची होते. मी लिहिले:

“दिनांक ११ जून, सकाळी आठ वाजता, न्याहारीच्या वेळी माझा चमचा क्रमांक ४७ जागेवर नसल्याचे दिसून आले. तो सुट्टीत माझ्या थोरल्या भावाने चोरला आहे. त्याला जाब विचारावा व शनिवारपर्यंत लेखी उत्तर मागवावे.”

दुसरा कागद दादाचा. तो सैन्यात नुकताच लागला होता. शनिवार उलटून तीन आठवड्यांनी उत्तर आले:

“आदरणीय सिस्टर, चमचा मी चोरला. माझ्या बहिणीची यात काही चूक नाही, ती तेव्हा झोपली होती. चमचा फार चांगला आहे. परत आल्यावर घासून आणून देईन. तोवर तिला कृपया दुसरा द्यावा, नाहीतर ती हाताने खाईल. ती जरा अधाशी आहे.”

‘अधाशी’ हा शब्द मी आजही मान्य करत नाही. बाकीचे पत्र खोटे आहे.

माझी तक्रारही खोटी आहे. चमचा दादाने चोरला नाही. मी दिला.

शाळेचा नियम असा होता की, चमचा हरवला किंवा चोरीला गेला तर एक शनिवार भांडी घासायची. पण शाळेची वस्तू आपण होऊन बाहेर कोणाला दिली तर पुढची सुट्टी बंद, घरी जायचे नाही. मी हिशेब केला आणि भावाला चोर केले. त्याच्यापर्यंत हे जाईल असे वाटले नव्हते. सिस्टरांनी मात्र खरोखरच त्याला पत्र घातले. आणि त्याने ते वाचून, सगळे समजून, सही केली.

माझी सुट्टी वाचली. त्याच सुट्टीत तो दोन दिवसांसाठी घरी आला. ती शेवटची भेट. आईने त्याला दारातच धरले: “मोठा घोडा झालास आणि लहान बहिणीच्या वस्तू चोरतोस? लाज नाही वाटत?” तो खाली मान घालून उभा राहिला. मी आईच्या मागे उभी होते. तेव्हा बोलले असते तर सुट्टी मिळालीच होती, भांडी घासून झालीच होती, माझे काही बिघडले नसते. त्याने खाली वाकून बुटावर दोन टिचक्या मारल्या. आतून टणटण असा आवाज आला. माझ्याकडे बघून त्याने डोळा मारला. मी हसले. बोलले नाही.

त्यानंतर एकोणसाठ वर्षे मी जमलेल्या माणसांना हेच सांगत आले की, आमच्या दादाने माझा चमचा पळवला. लोक हसत. आईही शेवटी शेवटी हसायची, म्हणायची, “चमचा द्यायला म्हणून तरी येईल.” तिला खरे सांगायला माझ्याकडे वीस वर्षे होती. चोरावर रागावता येते, टाचणी. ज्याला आपण होऊन दिले, तो परत आला नाही, तर रागावायला कारणच उरत नाही. आणि रागाशिवाय मला दुसरे काही नीट जमलेले नाही.

आता प्रत्यक्ष देण्याचा तपशील. नियम नऊची एक पोटओळ आहे, ती मीच घातली आणि आजवर कोणी वापरलेली नाही, कारण देणारेही बहुधा जिवंत नसतात: “मात्र मूळ मालकाने वस्तू आपण होऊन दिल्याचे, कोणाला, कधी, कुठे व कशी, हे सही व साक्षीनिशी लिहून दिल्यास नियम लागू होणार नाही.” त्याप्रमाणे लिहून देते.

दिनांक १ जून. सकाळी सहा वाजून वीस मिनिटे, कारण वडील वरून ओरडत होते, “सहा वीस झाले, गाडी जाईल!” जागा: आमच्या जिन्याची खालून तिसरी पायरी. दादा पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. बसल्यावर त्याच्या उजव्या हाताला भिंत होती, म्हणून मी त्याच्या डावीकडे बसले. आदल्या रात्री जेवताना तो सांगत होता की, छावणीतला चमचा म्हणजे फावडे. घास जातो तो अर्धा मिशीत. मी वसतिशाळेच्या पेटीतून माझा चमचा काढून आणला होता.

“दादा, हा घे.”

“अगं, हा शाळेचा ना? सिस्टर कच्ची खाईल तुला.”

“तिचं मी बघते.”

“पिशवी बांधून झाली. ठेवू कुठे?”

“बुटात.” आणि मी तो त्याच्या डाव्या बुटात, बाहेरच्या अंगाने, दांडा खाली करून खुपसला.

“टोचतोय!”

“टोचू दे. म्हणजे विसरणार नाहीस.”

“सत्तेचाळीस, तू मोठी झालीस की फौजदार होणार बघ.”

एकोणतीस वर्षांत मी दोनशेच्या वर चमचे हाताळले. बुटात पुष्कळ जण ठेवत. पण जवळजवळ सगळ्यांचे उजव्या बुटात आणि दांडा वर, कारण उजव्या हाताने झटकन काढायला ते बरे पडते. डाव्या बुटात, बाहेरच्या बाजूला, दांडा खाली असा चमचा ठेवणे गैरसोयीचे आहे. त्याला माझ्यासारख्या आगाऊ मुलीने खुपसावे लागते. आणि काढून जेवल्यावर पुन्हा तिथेच, तसाच ठेवायला ती मुलगी कोणाची तरी बहीण असावी लागते.

हे सगळे मी प्रतिज्ञापत्रात का लिहिले नाही, असे टाचणी विचारील. प्रतिज्ञापत्रात लोक खोटे बोलतात. मीही बोलले असते. मृत्युपत्रात खोटे लिहिण्यात काही मजा नाही, कारण फायदा घ्यायला आपण नसतो.

कलम ९. सबब, चमचा क्रमांक ४७, पोलादी, दांडा वाकलेला, माझा पूर्वीचा, वरील तारखेपासून दादाच्या मालकीचा आहे, असे मी जाहीर करते. त्या तारखेच्या व्यवहारात काही कसर राहिली असेल, तर या मृत्युपत्राने तो मी त्याला पुन्हा एकदा देते. तो त्याच्याजवळच ठेवावा, मला परत पाठवू नये. फाइलमधला ‘चोरलेला’ हा शब्द खोडावा, आणि ‘अधाशी’ हा खोडता आला तर पाहावे.

सदर हक्कदाराचा ठावठिकाणा कळवण्याची जबाबदारी कार्यालयाची आहे. येत्या १५ एप्रिलला अज्ञात क्रमांक तीनला बिननावाच्या दगडाखाली ठेवणार असल्याची सूचना फळ्यावर आहे. तो दगड मी पाहिला आहे. त्यावर अक्षरांना भरपूर जागा आहे.

कलम १०. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी तळमजल्यावरच्या कुलुपवाल्याला नेमते. त्याच्याकडे या इमारतीतल्या प्रत्येक घराची किल्ली आहे आणि त्याने ती एकदाही विनाकारण वापरलेली नाही. असा माणूस मला साहेबांतही भेटला नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, तीन ठिकाणी खाडाखोड केली आणि ती मान्य केली.

ठिकाण: जिन्याची खालून तिसरी पायरी.
दिनांक: ३ मार्च, सोमवार, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे.

(सही)
क्रमांक ४७

साक्षीदार १: वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. (सही) बाईंनी आमच्यासमोर सही केली. मला सकाळी सहाला उठवण्याचे कारण मला आता समजले आहे.

साक्षीदार २: तळमजल्यावरचा कुलुपवाला. (सही) बाईंच्या सांगण्यावरून मी त्या पायरीवर बसून पाहिले. भिंत उजव्या हातालाच येते.

ताजा कलम, खिडकी क्रमांक तीनसाठी: टाचणी, हे पत्र पोहोचेल त्या दिवशी मला न बोलावता, तीन साक्षीदारांच्या समोर तो आतला कागद उघड. चमचा उजव्या बुटात असेल, किंवा दांडा वर असेल, तर मी माझा दावा मागे घेते. दर पहिल्या सोमवारी पुन्हा फळ्यासमोर उभी राहीन आणि तुला एका शब्दाने बोलणार नाही. नियम ९ बरोबर होता असेच म्हणेन. पण तसे नसेल, तर १५ एप्रिलच्या आधी पाथरवटाला निरोप पाठव. नाव कोणते कोरायचे ते फाइलच्या पहिल्या पानावर आहे.

मला फक्त एवढेच कळव: डावा की उजवा? पूर्ण वाक्याची गरज नाही, एक शब्द पुरे. पण लेखी, तुझ्या सहीनिशी, आणि सोमवार, दिनांक ३१ मार्च, सायंकाळी पाचच्या आत.